दारात माणूस उभा असताना

नाना, लेक आज पुन्हा तेच म्हणाली. ओट्यापाशी ओले केस पुसत उभी राहून विचारते, "आई, आम्ही जेवूया का?" एवढी घोडी झाली, रोज ट्रेनने डेल्फ्टला जाऊन कसलं कसलं अवघड शिकते, पण आम्ही आणि आपण यांतला फरक काही तिच्या डोक्यात शिरत नाही. मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र डचमध्ये येतं, आणि कधी माझ्यावर माया उतू गेली तर असं मोडकंतोडकं मराठी. मी नेहमीप्रमाणे सुधारलं, मीही जेवणार आहे ना, मग आपण म्हण. तिने खांदे उडवले. डचमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, 'वै'. तिचं म्हणणं, वै म्हणजे वै, त्यात कसली वाटणी करायची? एरवी मी हसून सोडून देते. आज मात्र पान तसंच झाकून ठेवलं आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही असतात तर लिहिलं नसतं, हेही खरं. या विषयावर तुमच्याशी बोलायची माझी कधी छातीच झाली नाही.

खरं तर हा तुमचाच धडा. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतलं आपलं ते स्वयंपाकघर, चार पाट मांडले की आईला वळायला जागा उरायची नाही. रविवारची दुपार आहे. आई आमटी वाढते आहे, आणि दार वाजतं. मी धावत जाते. दारात समोरचे काका उभे. तुमच्याच ऑफिसात ते साहेबांचे स्टेनो, तमिळ माणूस. मराठी सुधारावं म्हणून आपलं वर्तमानपत्र न्यायचे आणि वाचून झालं की घडी मोडू न देता परत आणायचे. मी आपली शहाण्यासारखी सांगते, "काका, आम्ही जेवायला बसतोय." आतून तुमचा आवाज येतो, "आम्ही नाही, आपण म्हणायचं. दारात माणूस उभा असताना 'आम्ही' म्हणू नये." मग तुम्ही स्वतः उठून बाहेर आलात, डाव्या हाताने त्यांचा दंड धरून त्यांना आत आणलंत आणि मला शेजाऱ्यांकडून पाट आणायला पिटाळलंत. जेवताना काका हसत म्हणाले की त्यांच्या भाषेतही असेच दोन शब्द आहेत, एकात समोरचा माणूस धरलेला असतो आणि दुसऱ्यात नसतो. तुम्हाला त्याचं केवढं कौतुक वाटलं. इंग्रजांना एवढं राज्य केलं तरी हे सुचलं नाही, असं म्हणून तुम्ही त्यांच्या पानात आग्रहाने भात वाढायला लावलात. मला मात्र चारचौघांत ओरडा बसल्याचा राग होता, आणि माझी लिंबाची फोडही काकांच्या पानात गेली होती.

आणि हेच तुम्ही संध्याकाळी मैदानावरच्या सभांना जायचात. घरी आलात की डोळे वेगळेच दिसायचे. बाहेरचे येतात, एकाचे दहा होतात, ऑफिसं भरून टाकतात आणि आमच्या पोरांनी काय करायचं, असं तुम्ही आईला विचारायचात, जणू तिनेच त्यांना बोलावलं होतं. तुमचा धाकटा भाऊ टायपिंग शिकून घरी बसलेला. दुपारभर पंख्याखाली लोळायचा, आणि त्याच्या पानात भाकरी टाकताना आईचा हात जरा जोरात पडायचा. ऑफिसात जागा निघाली की साहेब काकांना विचारायचे आणि काका आपल्या गावाकडचं कुणीतरी सुचवायचे, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे तुमचं सगळंच काही खोटं नव्हतं. ही माझी पहिली अडचण आहे, नाना. एकदा काकांनी जिन्यात तुम्हाला गाठून हळूच विचारलं, कोपऱ्यावरच्या भिंतीवर 'बाहेरच्यांनो, चालते व्हा' असं जे रंगवलंय ते आमच्याबद्दल का? मी खालच्या पायरीवर सागरगोटे खेळत होते. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवलात. "तुम्ही नाही हो. तुम्ही तर आपलेच." काका हसले. कसं हसले ते मला आजही दिसतं, पण त्याला काय म्हणायचं ते सापडत नाही. आनंदाचं नव्हतं, दुःखाचं नव्हतं. घाबरलेलंही म्हणवत नाही.

त्यानंतर कधीतरी नाक्यावरच्या उडप्याच्या हॉटेलाच्या काचा फुटल्या. त्या संध्याकाळी तुम्ही उशिरा आलात आणि न जेवता झोपलात. कुठे होतात ते आईने विचारलं नाही. मीही नाही, तेव्हा नाही आणि नंतर तोंड फुटलं तेव्हाही नाही. काकांनी मद्रासला बदली मागून घेतली. निघताना त्यांनी आपला पितळी कॉफी फिल्टर तुमच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आपण या एकदा मद्रासला." एरवी ते तुम्हाला तुम्ही म्हणायचे. हे आपण निराळं, साहेबाला किंवा अनोळखी माणसाला म्हणतात ते. शब्द एकच, हाताला धरून पाटावर बसवणाराही तोच आणि हातभर लांब उभा करणाराही तोच. तुम्ही दार लावून घेतलंत आणि कडी धरून उभेच राहिलात. पुढे मरेपर्यंत तुम्ही रोज सकाळी त्याच फिल्टरची कॉफी प्यायलात, चहाचं घर असून. आणि सभाही सोडल्या नाहीत. हे दोन्ही नाना मी पाहिले आहेत, आणि त्यांना एका पंगतीला बसवणं मला अजून जमलेलं नाही.

तो फिल्टर आता इथे झूटरमेरला माझ्या ओट्यावर असतो. रोज दहाच्या सुमाराला शेजारचा आजोबा कॉफीला येतो. द हेगला जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे अजूनही वेळापत्रकानेच चालतो. मी त्याला ब्यूरमन म्हणते, म्हणजे शेजारी, आणि तो मला ब्यूरव्राऊ, म्हणजे शेजारीण. इतक्या वर्षांत आम्हाला नावांची गरज पडली नाही. फिल्टरला तो माझा छोटा कारखाना म्हणतो आणि थेंब पडेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बसतो. आम्ही ह्यांच्या नोकरीपायी दोन वर्षांसाठी म्हणून आलो आणि इथेच मुळं धरली. लेकीच्या वेळी मला अवेळी कळा सुरू झाल्या तेव्हा हे कामासाठी दुसऱ्या देशात गेले होते, आणि मला हॉस्पिटलात नेलं ते याने. पोरीला सायकल शिकवली तीही यानेच, सीट धरून मागे धावत. आमच्या घराची किल्ली त्याच्या दारामागच्या खिळ्याला आहे. सख्खा असता तर याहून काय केलं असतं?

तर या माझ्या ब्यूरमनने मागच्या निवडणुकीत सीमा बंद करा म्हणणाऱ्यांना मत दिलं. पूर्वी अशी गोष्ट इथे कुणी कॉफीवर सांगत नसे. आता आमच्या गल्लीत ती हवापाण्याइतक्या सहज सांगतात. माझा चेहरा उतरलेला पाहून तो लगेच म्हणाला, "तुम्ही नाही हं, ब्यूरव्राऊ. तुम्ही आमच्यातल्याच." आपण जसं शेवटी हं किंवा हो लावून वाक्याची धार काढतो, तसं हे लोक 'होर' लावतात. त्याने तो होर लावला, आणि नाना, माझ्या कानात तुमचा आवाज आला. तीच लकब, तोच खांद्यावरचा हात. त्यात काल संध्याकाळी वस्तीच्या हॉलमध्ये सभा होती. आमच्या गल्लीच्या टोकाला एक ऑफिसची इमारत रिकामी पडली आहे, तिथे निर्वासितांना ठेवायचं इथल्या नगरपालिकेने ठरवलंय. ब्यूरमनची मुलगी नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन लेकरांसह बापाच्या माळ्यावर राहते. कितीतरी वर्षं ती पालिकेच्या घरासाठी रांगेत आहे, आणि रांग काही हलत नाही. म्हणून त्याने मला सभेत विरोधात बोलायची गळ घातली. म्हणाला, आम्ही बोललो की आम्हाला वाईट ठरवतात, तुम्ही बाहेरून आलेल्या आहात, तुम्ही बोललात तर ऐकतील, आमच्यासाठी एवढं करा. त्याने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मला खरंच कळत नव्हतं. माझी स्वतःची पोर भाड्याची खोली मिळत नाही म्हणून आईच्या घरी राहते आहे, मग मला राग येत नसेल का? येतो. आपल्या गणपतीत परवा एक पुण्याचा हुशार पोरगा सांगत होता की आम्ही शिकून, व्हिसा घेऊन, टॅक्स भरून आलो, होडीत बसून आलो नाही, त्या लोकांमुळे आमचं नाव खराब होतं. सगळे माना डोलावत होते आणि माझीही डोलली. घरी येऊन मोदकाची भांडी घासताना मनात आलं, काकाही शिकूनच आले होते की, शॉर्टहँड घेऊन. तरी भिंतीवरचं त्यांनाच वाचावं लागलं. मग ब्यूरमनच्या नातवंडांचे बूट माळ्याच्या जिन्यावर ओळीने ठेवलेले आठवले, आणि मी पुन्हा पहिल्या जागी. कुणाचंही वाईट न चिंतणारा ब्यूरमनसारखा माणूस मी इथे दुसरा पाहिला नाही. मग हे काय आहे? तुम्हाला विचारते, कारण तुम्हीही तसेच होतात.

काल हॉल गच्च भरला होता. एका बाजूला आमची गल्ली, दुसऱ्या बाजूला निर्वासितांना येऊ द्या म्हणणारे, आणि मध्ये पालिकेची एक बाई, तिच्या हातात माइक. लेक माझ्या मागे भिंतीला टेकून उभी होती. ब्यूरमन उठला, मुलीचं सांगताना त्याचा आवाज फाटला, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाला, ही आमची शेजारीण, हिलाच विचारा. सगळ्या माना वळल्या. मी उठले. मनात एक साधं वाक्य जुळवलं होतं, आम्हा या गल्लीतल्या लोकांना असं वाटतं की, एवढंच. 'वै' म्हटलं आणि तिथेच अडले. त्या वै मध्ये कोण कोण आहे तेच मला ठरवता येईना. ब्यूरमन आहे, त्याची मुलगी आहे, मी आहे का? आणि जे अजून आलेच नाहीत, दाराबाहेर आहेत, ते? बाई माइक पुढे करून थांबली होती. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "आपण..." ती वाकून, फार मायेने, म्हणाली, "माफ करा, काय म्हणालात?" आणि मी त्या भरल्या सभेत डचमध्ये विचारलं, "तिथे स्वयंपाकघर असणार आहे का?"

हा प्रश्न कुठून आला ते मला विचारू नका. क्षणभर कुणाला काही कळलं नाही, मागे कुणीतरी हसलंही. बाईने कागद चाळून सांगितलं की स्वयंपाकघर नाही, जेवण बाहेरून तयार येईल. मी आभार मानून खाली बसले. सभा संपल्यावर ब्यूरमनने माझी पाठ थोपटली. म्हणाला, बरोब्बर मुद्दा काढलात, एवढ्या लोकांच्या रांधण्याचा वास गल्लीभर झाला असता, याचा कुणी विचारच केला नव्हता. मी आलं-लसणाची फोडणी देते तेव्हा त्याच्या घरात काय होत असेल, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं. मी कोट घालते आहे तोवर दुसऱ्या बाजूची एक तरुण मुलगी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, त्या लोकांना स्वतःच्या हाताने रांधून खाता यावं हे तुमच्याशिवाय कुणाच्या मनात आलं नाही. परत येताना लेकीने सायकल हातात धरली होती. तिने डचमध्ये विचारलं, "आई, तू कोणाच्या बाजूने बोललीस?" मी म्हटलं, पाऊस येईल, चल लवकर.

सकाळी दहाला ब्यूरमन नेहमीसारखा येऊन बसला. ओट्यावरचा, वास ओढून घेणारा पंखा मी आज तो यायच्या आधीच लावून ठेवला होता. त्याला बहुधा ते कळलंही नाही, तो फिल्टरकडे बघत होता. तुम्ही असतात तर दोघं मिळून बसला असतात आणि तुमचं छान जमलं असतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी कुठे बसले असते ते मात्र दिसत नाही.

हे पत्र मी फिल्टरच्या खोक्यात ठेवून देईन. लेकीला देवनागरी अक्षरं जुळवत वाचावी लागतात, तिच्या हाती लागलं तरी पहिल्या पानाला कंटाळेल. फक्त एक सांगायचं राहिलं. काल ब्यूरमन म्हणाला ते खोटं होतं आणि ती मुलगी म्हणाली ते खरं होतं, असंही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. मी त्यालाही काही म्हटलं नाही आणि तिलाही नाही. दोघांकडे बघून हसले. जिन्यातल्या काकांचं ते हसू, नाना, काल माझ्या तोंडावर होतं, आणि तरीही मला त्याचा अर्थ कळला नाही.