घंटेत कोंबलेली चिंधी

४ जानेवारी २००९

पुन्हा गिझरच्या आकड्यांत ई-सहा! राधा अंगाला साबण लावून उभी आणि वरून थंडगार पाणी. आमच्या जगनने आईच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी गॅसचा गिझर बसवून दिला — महिनाभर धड चालला नाही. अठरा वर्षं मिलचा बॉयलर पेटवला मी, आणि माझ्याच घरात आंघोळीचं पाणी तापेना. घोडपदेवभर सांगण्यासारखी गोष्ट.

६ जानेवारी

गिझरसोबत आलेली पुस्तिका इंग्रजीत. अक्षरं मुंगीएवढी. जगनला डोंबिवलीला फोन केला. म्हणाला, मेकॅनिक बोलवा, तुम्ही हात लावू नका.

हात लावू नका! मिलच्या संपानंतर हेच ऐकत आलो. वॉचमन होतो त्या बिल्डिंगचा पंप बंद पडला तेव्हा दोन मिनिटांत सांगितलं होतं काय बिघडलंय ते. सेक्रेटरी म्हणाला, तुम्ही गेटवर बसा.

मग मीच वही केली. ई-एक आला की सेल संपलेले. बदलले, गेला. ई-दोन आला की पाण्याला जोर नाही. ई-सहा मात्र कशालाच दाद देत नाही. सात-आठ मिनिटं बरा चालतो आणि आपणच विझतो.

७ जानेवारी

गंगाधर येऊन गेला. कुशाबाचा मुलगा, गिझर कंपनीत मेकॅनिक आहे. कुशाबा आणि मी एकाच बॉयलरवर होतो.

गंगाधर म्हणाला, "काका, ई-सिक्स म्हणजे आतली हवा संपत आली. मशीन बरोबर आहे. खिडकी उघडा."

खिडकीवर राधाने प्लायवूड ठोकून घेतलंय. चाळीत जन्मभर पडद्याआडच्या मोरीत न्हाली, नव्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा दाराला कडी मिळाली, तर खिडकी नेमकी गॅलरीत उघडते. तिने गंगाधरला सरळ सांगितलं, "लोक येतत-जातत, आणि खिडकी उघडी ठेवन न्हाव काय मी?"

गंगाधर म्हणाला, मग वापरू नका, तसं लिहून देतो, खाली सही करा. मी म्हटलं, कुशाबाच्या पोराकडून कागद कशाला घेऊ? आम्हा बॉयलरवाल्यांत तोंडचा शब्द पुरतो. त्याने पावतीपुस्तक मिटलं आणि गेला.

कालचा पोरगा मला हवा शिकवतोय!

१० जानेवारी

गिझर दुरुस्त केला. मी!

मिलमध्ये पाण्याची पातळी उतरली की बॉयलरची घंटा वाजे. पण ती मेली विनाकारणही वाजायची. दर वेळी भट्टीतली आग बाहेर ओढायची म्हणजे पुढची सगळी खाती खोळंबणार, आणि मास्तर शिव्या द्यायला हजर. म्हणून आम्ही घंटेत चिंधी कोंबायचो. मी, कुशाबा, सगळेच. काही बिघडलं नाही.

तेच केलं इथे. हवा जोखणारी जी चकती आहे, तिला तारेचा तुकडा जोडून गप्प बसवलं. राधाने बॅटरी धरली. उजेड हलला की मी खेकसलो.

अर्धा तास पाणी सोडून बघितलं. ई-सहा नाही. राधा म्हणाली, "अजून हात चलतत तुमचे." सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बोलली असं काही.

१२ जानेवारी

राधाचं डोकं दुखतंय. थंडीचं असेल.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळ वाटून अंगाला लावले तिने आणि न्हायला गेली. आजच्या दिवशी घाई करायची नाही म्हणाली. मी बाहेर लाडू वळत बसलो. पाण्याचा आवाज येतच होता.

हाक मारली, उत्तर नाही. शेजाऱ्यांनी दार फोडलं. निळी ज्योत मजेत जळत होती. राधा खाली पडलेली.

१५ जानेवारी

श्वास चालू आहे. शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, गिझरने आतली हवा खाल्ली, विषारी गॅस रक्तात गेला. आगीला हवा लागते हे मला परक्या माणसाने सांगावं! अठरा वर्षं बॉयलरचा दरवाजा किती उघडायचा एवढंच तर बघत होतो.

जगनने गिझर उघडला. तार सापडली. म्हणाला, "ह्या गंगाधरचंच काम." मी समोरच होतो. बोललो नाही.

१६ जानेवारी

जगनने गंगाधरला भर रस्त्यात मारलं. कंपनीने त्याला घरी बसवलं. गंगाधर म्हणतो, मी वापरू नका सांगितलं होतं. कागद दाखव म्हणतात. कागद कुठे आहे?

१८ जानेवारी

संपाला आज सत्तावीस वर्षं.

कुशाबा हॉस्पिटलात आला. काठी टेकत, एकटाच. म्हणाला, "रामचंद्र, तू होतास तिथे. माझ्या पोरान ह्या केलेला नाय, एवढा जगनाक सांग."

मी म्हटलं, मला कळत नाही रे त्या नव्या मशिनातलं.

माझ्याकडे बघत राहिला. घंटेतली चिंधी त्यालाही ठाऊक. तो ओळखून गेला असणार. राधाच्या पायांवरची चादर सारखी केली आणि गेला. मिलने खाल्लं, मालकाने खाल्लं, पुढाऱ्यांनी खाल्लं म्हणून ऊर बडवत आलो आजवर. आता गंगाधरची भाकरी कोणी खाल्ली?

२० जानेवारी

राधा शुद्धीवर येतेय. डोळे उघडते, मिटते. जगन सारखा विचारतोय, आई, गिझरला हात कोणी लावला?

बॅटरी तिने धरली होती. तिच्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. तिने बोलू नये असं वाटलं मला. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. मग वाटलं, तीच सांगून टाकेल तर बरं. मला तोंड उघडायला नको.

२३ जानेवारी

घरी आणलं. जगन समोर उभा होता, त्याच्याकडे बघून मला विचारते, "ह्यो कोण? आपलो जगन शाळेतसून इलो नाय अजून?" मग उठायला लागली. "भोंगो झालो ना? डबो भरतंय तुमचो."

संपही नाही, गिझरही नाही तिच्या आठवणीत. बॅटरी कोणी धरली ते आता तिला कधीच आठवायचं नाही.

जगनला गॅलरीत बोलावलं. मी परतेपर्यंत दाराची कडी आतून लावू नकोस म्हटलं, आणि तार मीच जोडली होती हे सांगितलं. आता कुशाबाकडे निघालोय.