दादाने ऐकलेली बातमी

तेगुसिगाल्पा,
१२ मार्च १९८९

ओतिलिया वहिनींना एर्लिंडाचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. पंधरा वर्षांत तुमच्या हातचं हे पहिलंच. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि दुपारपर्यंत उघडलंच नाही, आधी सगळी भांडी घासून काढली. तुमचे गुडघे धरलेत हे वाचून वाईट वाटलं. इथे पाण्याची ओरड आहे, टाकी एक दिवसाआड भरते. बाकी बरं. मी आता टीव्हीवर संध्याकाळचं एकच बातमीपत्र वाचते, तेही डिसेंबरपर्यंत. मग घरी.

निदियाला बातम्यांचं काम शिकायचंय, वर्षभर ठेवशील का, असं विचारलंत. ‘आत्यासारखी होऊ दे’ असंही लिहिलंत. मागची खोली मी झाडून ठेवली आहे. पण पोरीला बसमध्ये बसवण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

माझी सुरुवात कशी झाली, ते निदियाने विचारलंय. तिला सांगा, मी टायपिस्ट होते. बातम्या टाइप मी करायची, वाचायचे पुरुष. रामोन नावाच्या वाचकाला आपल्याकडच्या गावांची नावं धड म्हणता यायची नाहीत. एकदा मी त्याची चूक सगळ्यांसमोर सुधारली. बातम्यांचे प्रमुख डॉन फाउस्तो चिडून म्हणाले, “एवढं येतंय तर बस तूच.” मी बसले. देशात तोवर कुठलीच बाई त्या खुर्चीत बसली नव्हती. पत्रांचा ढीग आला. एकाने लिहिलं होतं, बाईच्या तोंडची बातमी नदीवर धुणं धुताना ऐकल्यासारखी वाटते. डॉन फाउस्तोंनी ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, “लक्षात ठेव. पुरुष अडखळला तर त्याला खोकला झालेला असतो. तू अडखळलीस तर बायकांना जमत नाही असं ठरेल.”

मी सहा वर्षं अडखळले नाही.

मार्सियालच्या दुकानात दादा टीव्हीपुढे टोपी काढून उभा राहायचा आणि “गप्प बसा, आमची लिंडा बोलतेय” म्हणायचा, हे तुम्हाला माहीतच आहे. एकदा केळीच्या मळ्याच्या कचेरीतून फोन करून मला म्हणाला, “आज तुझा घसा बसलाय. गरम पाणी पी.” त्याला माझ्या आवाजावरून सगळं कळायचं.

मी उगाच लांबण लावते आहे.

दादा गेल्यावर नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, तेव्हा तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात तुम्ही मक्याच्या तोर्तिया थापत होतात. मान वर न करता विचारलंत, “एर्लिंडा, तुला तिकडे आधी काही कळलं होतं का गं?”

मी म्हणाले, “नाही वहिनी. काहीच नाही.”

“बरं झालं,” तुम्ही म्हणालात, “तुझ्या जिवाला तरी तेवढी शांती.” आणि गरम तोर्तिया माझ्या ताटात वाढलीत. मी ती खाल्ली.

वहिनी, मला कळलं होतं.

वादळाच्या त्या संध्याकाळी बातम्यांना पंधरा मिनिटं असताना हवामानवाल्यांचा फोन आला. मीच घेतला, मीच लिहून घेतलं. डोंगरात दरड कोसळून नदी तुंबलीय, ती फुटली तर खालच्यांना पळायला वेळ मिळणार नाही, काठच्या लोकांनी आजच उंचावर जावं. पुढे पाच गावांची नावं. तिसरं आपलं.

डॉन फाउस्तोंनी त्यावर पेन्सिल फिरवली. “फुटली तर! मागच्या वेळी असंच लोकांना पळवलं आणि झालं काय? हसं झालं आपलं.”

“तिथे माझं घर आहे.”

“म्हणूनच घाबरलीस. घाबरलेल्या बाईला मी कॅमेऱ्यापुढे बसवणार नाही. रामोन दारातच उभा आहे. बोलावू?”

बातम्या थेट जायच्या. मी तो कागद वाचला असता तर वाक्य पुरं होईपर्यंत कुणी थांबवू शकलं नसतं. पण मला खुर्ची सोडवली नाही. मी वाचलं, “नदीकाठच्या लोकांनी काळजी घ्यावी, घाबरण्याचं कारण नाही.” आवाज जराही हलला नाही. नंतर डॉन फाउस्तो म्हणाले, “आज तू खरी वाचक झालीस.” ते ऐकून मला बरं वाटलं होतं. नदी पहाटे फुटली.

पुढचं मार्सियालने मला एकटीला सांगितलं, तुम्हाला सांगू नका म्हणाला. लोक बैलगाड्या भरत होते. दादानेही तुमचं शिवणयंत्र गाडीत चढवलं होतं. माझी बातमी ऐकून त्याने ते उतरवलं. म्हणाला, “लिंडाचा आवाज मी ओळखतो. तिला भीती असती तर मला कळलं असतं. चला, घरी जाऊन जेवा.” निम्मे लोक त्याच्या शब्दावर मागे फिरले. निदियाला ताप होता म्हणून तुम्ही आईकडे टेकडीवर गेला होतात, तेवढ्यानेच तुम्ही दोघी वाचलात.

तेव्हापासून मी तुमच्याकडे आले नाही. शहराचा माज चढला, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटू दिलं.

दोन वर्षांनी पुन्हा पूर आला, तेव्हा खोडलेला मजकूर मी कुणाला न विचारता वाचला. तीन महिने घरी बसवलं. लोक त्याचं कौतुक करतात. माझी बाजू म्हणून हे लिहीत नाही, दादा त्याने परत येत नाही.

डिसेंबरात माझा सत्कार आहे. देशाचा विश्वासू आवाज, असं पदकावर कोरणार म्हणे. त्या सभेत मी उभी राहून हे सगळं सांगणार आहे. पण परक्यांच्या आधी तुम्ही ऐकायला हवं होतं, खरं तर पंधरा वर्षांपूर्वी.

निदिया आता मोठी आहे, तिलाही वाचून दाखवा. यावंसं वाटलं तर कुठली बस ते कळवा, मी स्टँडवर येईन. नाही आली तर कारण विचारणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर लिहून पाठवा, मी त्या सगळ्या वाचीन.

स्वतःला तुमची नणंद म्हणवून घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवाल. तोवर नुसतीच,

रोसेंदोदादाची धाकटी बहीण
एर्लिंडा