खाऱ्या पाण्याची सवय

बाबा, तुम्ही समुद्र कधी पाहिला नाही, म्हणून आधी तेच सांगते. आपल्या विहिरीपेक्षा कितीतरी खारं पाणी, आणि त्याला पलीकडचा काठच नाही. कोकणातल्या एका लहान बेटावर मला नोकरी लागली आहे. तिथल्या किनाऱ्यावरच्या वेली जळणासाठी, मासळी वाळवायच्या जागेसाठी लोकांनी उपटल्या आणि वाळू मोकळी झाली. सरकत सरकत ती बेटावरच्या एकुलत्या गोड्या विहिरीपर्यंत आली. विहीर बुजली तर घरं उठणार. तिथल्याच मूळच्या वेली पुन्हा लावायच्या, हे माझं काम. आपल्या घरातल्या पहिल्या पदवीचं काम!

मर्यादवेलीची रोपं मी सावलीत, गोडं पाणी घालून वाढवली. वाळूत लावली आणि आठ दिवसांत सगळी काळी पडली. बायका हंडे घेऊन बघत उभ्या होत्या. तिथेच मला तुमचा आवाज आला. मी दहा वर्षांची आहे. तुम्ही मिरचीच्या वाफ्यापाशी उकिडवे बसला आहात. लावणी जवळ आली की रोपांच्या गोड्या पाण्यात रोज थोडं थोडं विहिरीचं खारं मिसळायचं, ही तुमची रीत. पानं मलूल होतात, मला बघवत नाही. "बाबा, काऊन छळून राह्यले त्याईले?" तुम्ही माझ्या हातातला तांब्या काढून घेता. "लाड करू नको बाई. उद्या वावरात खारंच प्या लागते त्याईले."

बेटावर मी तेच केलं. नव्या रोपांच्या पाण्यात आधी चमचाभर समुद्र, मग वाटीभर, मग तांब्याभर. आता ती वेल तापल्या वाळूवर लांबच लांब पसरली आहे. भरतीचं पाणी अंगावरून जातं आणि सकाळी ती जांभळी फुलं उघडून बसलेली असते. तिच्याखाली वाळू थांबली आहे. मी एवढी शिकलेली, पण तिच्यापुढे उभी राहिले की हात आपोआप जोडले जातात. समुद्र न पाहिलेल्या माणसाला हे कसं ठाऊक होतं?

पण त्या साली आपली मिरची वावरात लावताच मेली. तुम्ही मला घेऊन मलकापूरला, बियाणंवाल्या चाचांच्या दुकानात गेलात. "कच्चं बी देल्लं बे तुनं मले!" चाचा हसले. "अबे, याच थैलीतलं सारं गाव घेऊन गेलं. तुह्याच वावराले काय झालं?" तुम्ही हसला नाहीत. लहानपणापासूनची दोस्ती तिथेच तुटली. मरेपर्यंत तुम्ही त्या दुकानाची पायरी चढला नाहीत. तुमच्या मयतीला चाचा कुंपणाबाहेरच उभे राहिले.

बी चांगलं होतं, बाबा. तुम्ही जेवायला बसलात की मी प्यायच्या माठातलं गोडं पाणी वाफ्याला घालत होते. रोज.

काल रजेवर आले आणि चाचांना हे सांगायचं ठरवूनच त्यांच्या दुकानाची पायरी चढले. "बेटी, समुंदरावून आली म्हंते! तुह्या बाबानं पाह्यलं पाह्यजे होतं," म्हणत त्यांनी मिरचीच्या बियांची पुडी माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली, "येते चाचा" म्हणाले, आणि पायरी उतरले.