दहा चाळीसची लिफ्ट

जेनोवा, ७ एप्रिल

मिरियम यांस,

नमस्कार. तुमचं पत्र ईस्टरच्या आदल्या दिवशी मिळालं. मुलं बरी आहेत हे वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. सध्या आईकडे राहते. शहरातल्या सार्वजनिक लिफ्ट आणि दोरगाड्या तपासण्याचं काम मिळालं आहे. इथे लोक चढावरच्या घरी लिफ्टने जातात, त्यामुळे कामाला तोटा नाही.

तुम्ही लिहिलंत की फ्रिजवर लावलेला सहलीचा कागद रुज्जेरोने टाकून दिला, त्यावरून लीविया रोज रडते, तर तो मला पुन्हा लिहून देता येईल का. येईल. तो मी तुरीनच्या घरात बसून दोन महिने करत होते, त्यामुळे पाठ आहे. तेव्हा त्यात चार माणसं होती. आताही चारच आहेत, म्हणजे फारसं बदलावं लागणार नाही.

माझ्या आईने तुमचं पाकीट बघितलं आणि म्हणाली, "तीन वर्षं हिच्या पोरांची नाकं पुसलीस, आता त्यांना फिरवायलाही तूच का? डबेही भरून दे की!"

मी म्हटलं, "विचारलंय, म्हणून सांगते."

"विचारतात गं. न कुरकुरता सांगणारी मिळाली की सगळेच विचारतात."

तिच्याकडे लक्ष देऊ नका. मी देत नाही.

शुक्रवारी, २४ तारखेला, शाळा सुटल्यावरची गाडी घ्या. लीवियाची जागा गाडीच्या तोंडाच्या दिशेने हवी, आणि खिडकीशी. उलटं बसली की तिला बोगद्यांत मळमळतं. आल्याच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, गार काचेला कपाळ टेकवू द्या. चाकांच्या बॅगा आणू नका, जुन्या गल्ल्यांच्या फरशीवर चाकं निखळतात आणि मग त्या रुज्जेरो उचलतो आणि मग तो दिवसभर बोलत नाही.

शनिवारी सुट्टीची गर्दी असेल, म्हणून मत्स्यालयाच्या दारात ते उघडायच्या वीस मिनिटं आधी उभ्या राहा. शार्कच्या काचेसमोर ज्याकोमो म्हणेल, "माझं पोट दुखतंय." त्याचं पोट दुखत नसतं. जे बघवत नाही त्याला तो पोट म्हणतो. औषध देऊ नका. 'घाबरू नकोस' असंही म्हणू नका, कारण मग त्याला आपण घाबरल्याची लाज वाटते. पाठीवर, खांद्याच्या जरा खाली हात ठेवा आणि गप्प उभ्या राहा. साधारण दोन मिनिटं लागतात. हे कळायला मला सव्वा वर्ष लागलं. तुमचं तेवढं वाचेल.

सकाळी नाश्त्याला इथला फोकाच्या नावाचा खारट पाव घ्या आणि दुधात बुडवून खायला द्या. लीविया "शी, खारट" म्हणेल आणि तुमच्या वाट्याचाही तुकडा संपवेल. बेकरीत तिळाचं आधी विचारा.

तिळावरून शाळेचं दार आठवलं. तुम्हालाही आठवत असेल. ९ फेब्रुवारी, सोमवार, साडेचार. दारावरच्या पीनाबाईंनी यादीवर बोट फिरवलं आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमचं नाव नाही."

"शुक्रवारी होतं."

"शुक्रवारीच काढलं. वडिलांची सही आहे बघा. मी काय करणार, यादीत नाव नसेल तर मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही पोर देत नाही."

काचेच्या पलीकडे लीविया उभी होती, कोटाची बटणं एक घर चुकून लावलेली. तेवढ्यात निळ्या कोटात तुम्ही आलात. तुमचं नाव यादीत होतं. तुम्ही ओस्लोहून कायमच्या परत आलात हे मला त्या क्षणी कळलं. रुज्जेरोने सकाळी कॉफी पिताना मला फक्त "संध्याकाळी बोलू" एवढंच सांगितलं होतं. मी खाऊची पिशवी तुमच्या हातात दिली आणि म्हटलं, "हिला तीळ चालत नाहीत, गळा सुजतो." तुम्ही म्हणालात, "मला माहीत आहे."

असो. आता माहीत आहेच.

रविवारी लिफ्ट. चढावरची जुनी, लाकडी बाकांची. ही दहा चाळीसला घ्या, बरोबर दहा चाळीस. आधी नको, नंतर नको. त्या वेळी बंदरावर ऊन असं पडतं की वरून सगळी जहाजं दिसतात. रुज्जेरो टॅक्सी म्हणेल, ऐकू नका. वरच्या स्थानकात यंत्रघराच्या दाराला काच आहे, तिच्यातून मोठं चाक दिसतं. ते दाखवायचं मी लीवियाला कबूल केलं होतं. ती विचारेल, "दोर तुटला तर?" सांगा, दोर सहा आहेत, आणि एकटा दोरही सगळ्यांना उचलतो. मग ती विचारेल, "सहाच्या सहा तुटले तर?" सांगा, लिफ्टच्या खाली लोखंडी जबडे असतात, ते रूळ धरून ठेवतात. मग विचारेल, "आणि जबडे तुटले तर?" याचं उत्तर देऊ नका. "तुला काय वाटतं?" असं विचारा. ती म्हणेल, "मग आपण सगळे उड्या मारू." आणि तिचं समाधान होईल.

त्या तीन दिवसांत मी जेनोवात नाही, ला स्पेत्सियाला काम आहे. तेव्हा कुठे समोरासमोर येऊ ही काळजी नसावी.

कळावे,
इरेने


जेनोवा, १७ एप्रिल

मिरियम यांस,

नमस्कार. तुमचं पत्र परवा आलं. गाडीच्या जागा मिळाल्या हे चांगलं झालं. लीवियाने नवा कागद फ्रिजवर लावला, आणि तो काढायचा नाही असं वडिलांना बजावलं, तेही वाचलं.

तुम्ही लिहिलंत की रविवारी सकाळी मुलांना समुद्रावर न्यावं आणि लिफ्ट दुपारी करावी असं रुज्जेरोचं म्हणणं आहे, आणि विचारलंत, "दहा चाळीसच का?" शेवटी लिहिलंत, "तुम्ही तेव्हा शहरात नाही हे वाचून, खरं सांगते, हायसं वाटलं."

तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून मलाही सांगावं लागतं आहे. मी मागच्या पत्रात दोन ठिकाणी खोटं लिहिलं. दहा चाळीसला उन्हाचं काही विशेष नसतं, सकाळभर जहाजं सारखीच दिसतात. आणि मी ला स्पेत्सियाला जाणार नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती लिफ्ट आठ वाजल्यापासून बंद असते. दोरांची जाडी मोजायची, ब्रेक बघायचे, जबडे एकदा सोडून बघायचे. साडेदहाला नोंदवहीत सही होते आणि दहा चाळीसला पहिली माणसं वर येतात. तपासणी माझ्याकडे आहे. माझा बेत असा होता: अंगात केशरी जाकीट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर कामाचा चष्मा. दाराकडे पाठ करून नोंदवही लिहीत उभी राहणार. यंत्रघराच्या काचेत मागचं सगळं दिसतं. बोलणार नव्हते, वळणारही नव्हते. दोघं किती वाढली तेवढं बघायचं होतं. हे आधी ठरवलं आणि मग त्याभोवती तुमचे तीन दिवस लिहिले.

रुज्जेरोला मी दोनदा विचारलं होतं, एक तास भेटू का. पहिल्यांदा म्हणाला, "त्यांना जरा स्थिरावू दे, इरेने." दुसऱ्यांदा म्हणाला, "असं काय करतेस? तू काही त्यांची..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. पुरं केलं असतं तरी चुकीचं नव्हतं. मी त्यांची कोणी लागत नाही. आमचं लग्न झालं नव्हतं, आणि झालं असतं तरी शाळेची यादी तीच राहिली असती. मी नेमकी कोण होते हे कुठल्याही कागदावर नाही. फ्रिजवरच्या त्या एका कागदावर माझं अक्षर होतं, आणि ते आता पुन्हा लागलं आहे, तुमच्या विनंतीवरून.

तुमच्यावर राग आहे का, हे तुम्ही विचारलं नाहीत. आहे. तुम्ही काही वाईट केलंत म्हणून नाही. तुम्ही तीन वर्षं सुट्टीतले पंधरा दिवस येत होतात, तेव्हा दारात उभी राहून दोघांचे चेहरे मी बघायचे. एकदा तुमच्या टॅक्सीमागे ज्याकोमो कोपऱ्यापर्यंत धावला होता. परत येऊन म्हणाला, "पोट दुखतंय." तेव्हाच मला कळलं की त्याचं पोट म्हणजे काय.

तुम्ही परत आलात हे मुलांसाठी चांगलं झालं. हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलं. खोटं आहे म्हणून नव्हे.

आता तुम्हाला सगळं माहीत आहे. सकाळी समुद्रावर गेलात तर मी समजेन. तिथे खडे टोचतात, रबरी चपला घ्या. हे पत्र रुज्जेरोला दाखवायचं असेल तर दाखवा, फक्त रविवारच्या आधी दाखवा, म्हणजे त्याला मला फोन करून जे बोलायचं ते बोलता येईल. न कळवता येऊ नका असं मी म्हणू शकत नाही. मी स्वतः न कळवता येणार होते.

आपली,
इरेने


जेनोवा, २८ एप्रिल

मिरियम यांस,

तुमचं उत्तर आलं नव्हतं, त्यामुळे रविवारी मला काही ठाऊक नव्हतं. तुम्ही तिथे होतात, तरीही लिहिते, कारण तुम्ही मुलांकडे बघत होतात आणि मी काचेत बघत होते. मला दिसलं ते सगळं तुम्हाला दिसलं नसेल. शिवाय घडलं ते क्रमाने लिहून ठेवायची मला कामामुळे सवय आहे.

दहा चाळीसला दार उघडलं. आधी कुत्र्याला घेऊन दोन म्हाताऱ्या बाहेर आल्या, मग तुम्ही तिघं. रुज्जेरो नव्हता. खाली कॉफीला थांबला असावा आणि त्याला तुम्ही काही सांगितलं नसावं.

लीवियाचे वरचे दोन दात पडलेत. ती ओरडली, "आई, चाक! चाक कुठाय?" आणि धावत सुटली ती थेट माझ्याकडे, कारण चाक माझ्याच समोर होतं. मी वही घेऊन दोन पावलं बाजूला झाले. ती माझ्या कोपराला घासून पुढे गेली आणि वर न बघता म्हणाली, "सॉरी हं, काकू."

मी वहीत लिहीत राहिले. ठरल्याप्रमाणे.

मग तिने तुम्हाला विचारलं, "आई, दोर तुटला तर?"

तुम्ही म्हणालात, "दोर सहा आहेत. आणि एकटा दोरही सगळ्यांना उचलतो."

"सहाच्या सहा तुटले तर?"

"खाली लोखंडी जबडे असतात. ते रूळ धरून ठेवतात."

"आणि जबडे तुटले तर?"

मी वहीवर पेन टेकवून ठेवलं होतं. मग तुम्ही म्हणालात, "तुला काय वाटतं?"

"मग आपण सगळे उड्या मारू!" असं म्हणून ती तिथेच तीनदा उडाली. मग दम खात म्हणाली, "तुला हे सगळं कसं माहीत?"

"आईला माहीत असतं," तुम्ही म्हणालात.

तुम्ही दुसरं काय म्हणणार होतात, याचा मी दोन दिवस विचार केला. काही सुचलं नाही. माझं नाव घेतलं असतंत तर ती रडली असती.

इथपर्यंत माझा बेत ठीक चालला होता. ज्याकोमो मागे उभा होता. त्याला चाकात रस नव्हता, त्याने आधी जमिनीकडे बघितलं. माझ्या डाव्या बुटाच्या टोकावर निळ्या रंगाचा डाग आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही त्याच्या खोलीचं कपाट रंगवलं तेव्हा डबा त्याच्या हातून पडला होता. तो बुटावरून वर बघत गेला. जाकीट, हात, मग काच. काचेत आमची नजरानजर झाली. तो उंच झाला आहे, सेंटिमीटरभर तरी.

त्याने हाक मारली नाही. तुमच्याकडे वळला आणि म्हणाला, "आई, माझं पोट दुखतंय."

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलं नाहीत. "काय खाल्लंस?" असंही विचारलं नाहीत. त्याच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली हात ठेवलात आणि गप्प उभ्या राहिलात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं आणि थोडं वर. मग तो म्हणाला, "जाऊ या खाली," आणि बहिणीचा हात धरून तिला ओढत घेऊन गेला. लीविया म्हणत होती, "अरे थांब ना, मी अजून बघितलंच नाही नीट." दार बंद झालं. लिफ्ट नीट गेली.

मला वाटलं होतं की मी नुसती बघणार, त्याचं ओझं कोणावर पडणार नाही. ते हिशेबात चुकलं. नऊ वर्षांच्या मुलावर पडलं, आणि त्याने ते बहिणीला कळू न देता उचललं. त्याने मला का हाक मारली नाही याची तीन-चार कारणं असू शकतात. मी ती लिहून काढली आणि कागद फाडला. त्याने तुम्हाला काही सांगितलं असेल तर मला कळवू नका. तुम्हाला विचारलं तर मात्र खरं सांगा: होय, ती इरेनेच होती, ती वेळ तिनेच ठरवली होती, आणि त्याने काही चूक केली नाही. लीवियाला सांगू नका.

संध्याकाळी आईने विचारलं, "आली होती का तुझी माणसं?"

मी म्हटलं, "हो. मजेत होती."

"आणि तू?"

"मी कामावर होते."

तिने टोमणाही मारला नाही, त्यावरून तिला काय वाटलं असेल ते कळलं.

फेब्रुवारीत शाळेच्या दारात तुम्ही "मला माहीत आहे" म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं. रविवारी माहीत होतं. हात कुठे ठेवायचा तेही बरोबर होतं, एक बोटभरही इकडे-तिकडे नाही. मी ते नीट लिहिलं होतं.

जाड दोरांच्या लिफ्टचे एक-दोन प्रश्न लीवियाचे राहिले असतील, त्यांची उत्तरं तुम्ही शोधाल. पुढच्या सुट्टीत कुठे जाल, काय खाल, कुठल्या गाडीने जाल, हे मला विचारू नका. विचारलंत तर मी लिहून देईन. म्हणून विचारू नका.

इरेने