चार नंबरच्या शेडमधले नर

प्रिय ठमे,

मी बरा आहे, खोकला गेला. तुझ्या दाढेचं काय? काढलीस की अजून आज-उद्या चाललंय?

इथे दोन महिने धावपळ होती. आमच्या पोल्ट्रीतल्या चार नंबरच्या शेडमधली अंडी उबवायला जातात. त्यातली शंभरात तीस रिकामी निघू लागली, आत पिल्लूच धरेना. सगळ्यांनी माद्यांवर खापर फोडलं. सुपरवायझर म्हणाला, "माद्या थकल्या, काढून टाका."

मी म्हटलं, "साहेब, आधी नरांचं वजन करून बघू?"

तो हसला, पण नाही म्हणाला नाही. नर माद्यांच्या भांड्यातलं खाऊन इतके जड झाले होते, की त्यांच्याने काही होत नव्हतं. मग माद्यांच्या भांड्यांवर नराचं डोकं शिरणार नाही अशी जाळी बसवली, नरांची भांडी उंच टांगली आणि पाय दुखावलेले नर बाजूला काढले. पाच आठवड्यांत रिकामी अंडी शंभरात आठवर आली. एकही मादी काढावी लागली नाही.

त्यानंतरच्या सुट्टीला मी दवाखान्यात जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली. सहा वर्षं मुलासाठी तू एकटीच डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवल्यास, मी एकदाही गेलो नाही. दोष माझ्यात आहे. औषध सुरू केलंय. डॉक्टर खात्री देत नाहीत.

आईला वेगळं पत्र टाकलंय. त्यात हे सगळं स्वच्छ लिहिलंय. नेहमीसारखं तूच तिला वाचून दाखवशील. मोठ्याने वाच, एक ओळही गाळू नकोस.

तुझा,
नवरा