दाराबाहेरची चिडीचूप

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रिय छोट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकलं असशील, तर बोलणंच खुंटलं. फोडलं असशील तर आधी खुशाली. मी बरी आहे. तुझ्या भावजींचा गुडघा कुरकुरतो, ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात. पत्ता मावशीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला अगदी भंडावून सोडलं होतं. फोन मुद्दाम केला नाही. आपल्या घरात महत्त्वाचं सगळं चिठ्ठीवरच चालायचं, नाही का? आई रात्रपाळीहून येऊन झोपलेली, आपण शाळेतून आलेलो, आणि कपाटाच्या दाराला चिकटवलेली तिची चिठ्ठी: "ताटं झाकून ठेवली आहेत. भांडू नका. भांडलात तर हळू भांडा."

आता मुद्द्याचं. अरे, तुझा खेळ!

कसा कळला ते सांगते. आमच्या कान तपासायच्या केंद्रात दर तीन महिन्यांनी मशिनं तपासायला एक गृहस्थ येतात. मशिनमधला आवाज नेमका निघतो की नाही ते बघतात, म्हणून आम्ही त्यांना 'सूर लावणारे' म्हणतो. पोट सुटलेलं, चेहरा कायम परीक्षेला बसल्यासारखा. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते आमच्या आवाजबंद खोलीत लॅपटॉप उघडून बसलेले सापडले. मला बघून असे दचकले, जसे काही दुधावरची साय खाताना पकडलेत. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा कान तयार आहे. जरा ऐकून सांगता का, हे कोणतं जनावर?"

मी हेडफोन लावला. ऐकलं. म्हटलं, "जनावर कसलं डोंबलाचं? बाई झोपलीय."

ते उठून उभेच राहिले. "बाई? मॅडम, सतरा हजार लोक दोन महिने डोकं फोडून घेतायत! कुणी म्हणतं अस्वल आहे, कुणी म्हणतं दारामागे समुद्र आहे, कुणी म्हणतं जमिनीखाली इंजिन चालू आहे. आणि तुम्ही चार सेकंदांत बाई म्हणून मोकळ्या?"

"वयस्कर बाई," मी म्हटलं. "डाव्या कुशीवर. श्वास सोडताना शेवटी एक बारीक शीळ..."

मी हेडफोन काढला. म्हटलं, जरा पडदा माझ्याकडे फिरवा.

आणि समोर आपल्या जुन्या घरातला बोळ, छोट्या! खराखुरा नव्हे, स्वप्नात दिसतो तसा. मैलभर लांब, एका टोकाला न्हाणीघर आणि दुसऱ्या टोकाला आकाश. काळ्या-पांढऱ्या फरश्या. माझं दप्तर चार पायांवर चालत होतं. पंख्याला मासे लटकलेले. आणि घड्याळात अडीच, कायमचे अडीच. मी किंचाळलेच. सूर लावणारे घाबरून म्हणाले, "मॅडम, सावकाश, धावलात किंवा ओरडलात की फर्निचर वळून बघतं."

फर्निचर वळून बघतं! मी इतकी हसले की बाहेर बसलेले एक आजोबा, ज्यांना दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही अशी त्यांच्या सुनेची तक्रार आहे, त्यांनी विचारलं, "आत काय झालं?"

खाली तुझं नाव होतं. खेळाचं नाव 'दुपार'. मी सूर लावणाऱ्यांना सांगितलं, हा माझा धाकटा भाऊ. त्यांनी मला नमस्कार केला. खरंच. हात जोडून.

आता लोक काय लिहितात ते वाचते. बाकी काही असेल ते नंतर लिहीन.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय छोट्या,

तुझं उत्तर नाही, ते अपेक्षितच होतं. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी खेळते आहे! ह्या वयात! बाण दाखवणारी बटणं कोणती ते सूर लावणाऱ्यांनी कागदावर काढून दिलंय. पहिले दोन दिवस मी नुसती भिंतीवर आपटत होते. भावजी म्हणाले, "संसारात इतकी वर्षं तेच केलंस, आता पडद्यावर कशाला?"

पण खेळण्याहून मला लोकांची मतं वाचण्याचा नाद लागलाय. एका पेशंटचा कान तपासून झाला की दुसरा येईपर्यंत मी तेच करते. तूही वाचत असशील, पण काही मी पाठच केलीत, ती तुला ऐकवतेच.

एक जण लिहितो: "चाळीस मिनिटं एका बादलीच्या मागे चाललो. बादली थांबली. मी थांबलो. आम्ही दोघांनी खिडकीबाहेर बघितलं. उद्या परत जाणार आहे."

दुसरा भडकलेला: "ह्यात करायचं काय असतं? शत्रू नाही, गुण नाहीत, शेवट नाही. हा खेळ नाही, ही दुपारची शिक्षा आहे." त्याच्याखाली कुणीतरी लिहिलंय, "बरोबर ओळखलंत."

एक बाई लिहितात, "दिवसभर सगळे मला सांगत असतात पुढे काय करायचं ते. इथे कुणी काही सांगितलं नाही. मी माठाजवळ बसून रडले, मग बरं वाटलं."

आणि ते आकडे! दारामागून मधूनच पुटपुटल्यासारखे आकडे ऐकू येतात ना, त्याची लोकांनी काय दैना केलीय. चार जणांनी मिळून तक्ते बनवलेत. एकाने ते उलटे वाचले, एकाने त्यांना नकाशावर मांडलं, एकाने तर त्यांना चाल लावली. सगळ्या कुलपांना लावून बघितले, उघडलं काहीच नाही. मी हसून हसून बेजार. अरे बाबांनो, आमची आई टेलिफोन ऑपरेटर होती! नोकरीतून सुटून वीस वर्षं झाली तरी झोपेत नंबर जोडायची. वाटलं होतं लिहावं तिथे. लिहिलं नाही. ते तुझं गुपित आहे.

फरश्यांचं मात्र एका पोरीने जवळजवळ ओळखलंय. ती म्हणते, काळ्या फरश्यांवर पाय दिला तर आवाज होत नाही, म्हणजे इथे कुणीतरी कुणाला तरी जपत होतं. शाबास म्हटलं मी. आपल्याला ते शोधायला एक अख्खी सुट्टी लागली होती.

ह्या सगळ्यांत सर्वांत जास्त कुणाबद्दल लिहितात माहीत आहे? दाराबाहेर बसलेल्या मुलीबद्दल. दोन वेण्या, फ्रॉक, दाराला पाठ, ओठांवर बोट. तिचं नाव त्यांनी ठेवलंय 'चिडीचूप'. तिला ओलांडून दारापर्यंत जाता येत नाही. लोकांनी तिला भांडी दिली, फुलं दिली, बादली ओतली, तिच्याभोवती शंभर फेऱ्या मारल्या. ती ढिम्म.

शिव्या खाते बिचारी. "खरी खलनायिका हीच." "हिला कुणी नेमलं?" "आत काय आहे ते हिला माहीत आहे आणि ही सांगत नाही."

हे शेवटचं वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून पुढच्या पेशंटला हाक मारली. पुढचा पेशंट नव्हताच.

पण एकीने लिहिलंय, "तिला कुणी विचारलं का, ती किती वेळ बसलीय?" ते मी सात वेळा वाचलं.

मला विचारायचं होतं, ती मुलगी तू रागाने काढलीस का? वेण्या तर नीट घातल्या आहेस. उजवी जरा सैल, तीही बरोबर. जाऊ दे. उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. आमच्याकडे सगळं ठीक.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी, रविवार

छोट्या,

तुला आधी बातमी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. मला सापडलं! सतरा हजारांत कुणाला नाही, ते मला, भिंतीवर आपटणाऱ्या ताईला सापडलं!

आज जेवणं झाल्यावर खेळायला बसले. चिडीचूपसमोर जाऊन उभी राहिले, आणि नेमकं भावजींनी आतून हाक मारली, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता, पण ते सिद्ध करायला वेळ लागतो. परत येऊन बघते तर माझा खेळाडू मांडी घालून खाली बसलेला. कुणी काही केलं नाही की तो बसतो, हे तू कुठेही लिहिलेलं नाहीस. आणि कुणाला कळणार कसं? तिथे आलेला प्रत्येक जण काहीतरी करायलाच आलेला असतो.

मीही बटणाला हात लावला नाही. नुसती बसले. आई दिवसा झोपलेली असताना आपण दाराबाहेर बसायचो तशी.

किती वेळ गेला माहीत नाही. आणि मग ती सरकली.

छोट्या, ती सरकली! वीतभर. भिंतीकडे. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. माझा खेळाडू आपोआप उठून तिच्या शेजारी, दाराला पाठ लावून बसला, आणि तिने ओठांवरचं बोट खाली घेतलं.

मी टाळ्या वाजवल्या. भावजी धावत आले, "काय झालं, काय झालं?" म्हटलं, "सरकली!" ते म्हणाले, "काय, भिंत?"

त्यांना घालवून मी आमच्या केंद्रातून आणलेला चांगला हेडफोन लावला. दाराला पाठ लागल्यावर श्वास अगदी जवळून येतो. ती शीळ. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं तो कुणाचा श्वास आहे, तुला लिहिलं नाही इतकंच. पण बसून राहिलं की त्याच्या मागचंही ऐकू येतं. खूप लांबून, ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज. आणि पाठोपाठ कुणीतरी त्या भांड्याला म्हणतं, "श्शऽ."

भांड्याला गप्प करणारी जगात एकच बाई आहे. ती मी.

म्हणजे हा आवाज त्या दुपारचा आहे. तू बोळात दाराला पाठ लावून बसला होतास आणि फोनवर तिचा श्वास टिपत होतास, कारण आत जायला मी तुला मनाई केली होती.

आता ते लिहिते, जे चार वर्षं कुणाला सांगितलं नाही.

तू अडीचला आलास. बॅग खांद्यावर, बूटही काढले नव्हतेस. "जागी आहे का?" विचारलंस आणि मी ओठांवर बोट ठेवलं. म्हटलं, "आत्ताच डोळा लागलाय, उठली की भेट." तू बसलास. साडेचारला मी चहा घेऊन आत गेले आणि ती उठली नाही. तेव्हापासून तू माझ्याशी बोलला नाहीस. सगळे मला समजावत राहिले, "तुला काय ठाऊक होतं, तू तिच्या भल्यासाठीच केलंस." मी मान डोलावत राहिले.

पण मला ठाऊक होतं. ती त्या दिवशी सकाळपासून विचारत होती, "आला का?" आणि डोळे मिटायच्या आधी माझं मनगट धरून म्हणाली, "तो आला की उठव मला. झोपले असले तरी उठव."

मी उठवलं नाही.

का, ते मी स्वतःला खूपदा विचारलंय. तीन रात्री तिला झोप नव्हती, आणि मी तिला झोपवलं होतं. आई झोपली म्हणजे माझं काम फत्ते, हे मी सात वर्षांची असल्यापासून शिकले होते. तिला उठवायचं असतं, हे माझ्या हातांना माहीतच नव्हतं. हे खरं आहे. आणि हेही खरं आहे की तिच्या आजारपणात तीन महिने तिचं सगळं मी केलं आणि तू दारात उभा राहिलास की ती उठून बसेल, हसेल, हे मला माहीत होतं. वाटलं, दोन तास ती माझीच असू दे. दोनच तास मागितले होते रे मी. कुणाला विचारून मागितले नव्हते, एवढंच.

तिचं वाक्य तुझं होतं. ते मी ठेवून घेतलं. आज परत करते.

आता राग आणखी वाढला तर वाढू दे, तो निदान खऱ्या गोष्टीवर असेल. पण एक विचारते. हे माहीत नसताना, इतक्या रागात, तू तिला सरकायला का शिकवलंस? सतरा हजार लोकांना कधी दिसणार नाही असं ते एक वीतभर सरकणं तू कुणासाठी करून ठेवलंस?

पुढे दार उघडतं का, मला माहीत नाही. मी तिथेच थांबवलं. सूर लावणारे उद्या विचारतील, "मॅडम, काही प्रगती?" मी सांगेन, नाही. ते दार मी एकटीने उघडणार नाही. एकदा तुझ्याशिवाय आत गेले होते, ते पुरे झालं.

आमच्याकडे बोळ नाही. पुढच्या खोलीत दोन माणसांचा बाक आहे. त्यावर मी एकटी अगदी मधोमध बसते, भावजी त्यावरून रोज टोमणे मारतात. हे पत्र त्याच बाकावर बसून लिहिते आहे, डाव्या टोकाला.

सरकलेली,
ताई