माझ्या मापाची मोटरसायकल

नोएडा,
२६ नोव्हेंबर १९९५

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, रसिकाला पापा. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते: इकडे सगळं ठीक आहे.

तुझं पत्र पोचलं. दुसऱ्या पानावर लिहिलंयस तेही वाचलं. आई गेली, बाबा रिटायर झाले, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं, आता त्या ओसाड नोएडात बापलेकींनी काय करायचंय, घर विकून कायमचे पुण्याला या, मागची खोली रिकामीच आहे. वाचलं गं. त्याचं उत्तर मागाहून लिहीन. फोनवर विचारू नकोस, कारण फोन बैठकीत आहे आणि बाबाही दिवसभर बैठकीतच असतात.

दिवसभर म्हणजे आता नसतात, तीच बातमी. बाबा मोटरसायकल बनवताहेत. माझ्यासाठी! हसून झालं? मग पुढे वाच.

झालं असं, की आमच्या ऑफिसला जायच्या चार्टर्ड बसची पायरी किती उंच आहे ते तुला माहीत आहे. मी दांडी धरून, गुडघा टेकवून माझी माझी चढते. वेळ लागतो, मागचे ताटकळतात. पंधरा दिवसांपूर्वी एका गृहस्थाने ‘आओ बेटा’ म्हणत मला काखेत धरून सरळ आत ठेवलं, भाजीची पिशवी ठेवावी तशी. बेटा! मी एकतीस वर्षांची, सरकारी ऑफिसात असिस्टंट, आणि तो माझ्याहून लहानच असेल. रात्री जेवताना मी ही गोष्ट बाबांना नकलेसकट सांगितली. मी हसले, ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी लेथवरचं कापड निघालं.

हो, लेथ, लोखंड कातायचं यंत्र. बाबांच्या लॅबच्या वर्कशॉपमधून लिलावात घेतलेला. शेजाऱ्यांच्या पोर्चमध्ये नवीन मारुती उभी आहे, आपल्याकडे लेथ. मी चार फुटांना दोन बोटं कमी, माझ्यासाठी मोटरसायकल कोणतं दुकान ठेवणार? लहान मुलांच्या सायकली मिळतात, त्यांच्यावर सशाची चित्रं असतात. म्हणून बाबांनी जुन्या मोपेडचं इंजिन आणलंय आणि बाकी सगळं घरी करणार. दिसायला बुलेटसारखी हवी म्हणतात. पाहणाऱ्याला वाटेल, बुलेटला मूल झालंय. मी ऑफिसातून येते तेव्हा गेटपर्यंत लेथची घरघर ऐकू येते. खाली लोखंडाच्या निळसर कुरळ्या पट्ट्या पडलेल्या असतात, चकलीसारख्या. त्या मी झाडून गोळा करते, फेकवत नाहीत.

आमच्या सेक्टरच्या पुढे रस्ते आधी आलेत आणि घरं अजून यायचीत. रुंद, काळेभोर, सरळ रस्ते. दिव्यांचे खांब आहेत, दिवे नाहीत. चौकात बागेसाठी गोल जागा सोडलीय आणि त्या गोलात मोहरी उगवलीय. कडेला बिल्डरांचे फलक आहेत, त्यांवर कारंजी आणि गोरी गोरी कुटुंबं. रविवारी मी आणि बाबा तिथवर चालत जातो. स्वप्न पडायच्या आधीच कुणीतरी अंथरूण घालून ठेवल्यासारखं वाटतं मला तिथे. मी बघत उभी राहते. बाबा म्हणतात, चल, पाय दुखतील. माझे दुखत नसतात.

बाकी बाबा मजेत. चहा हल्ली मोठ्या पेल्यात घेतात, अर्धाच भरून. म्हणतात, थंडी आहे.

तुझी,
केतकी


नोएडा,
१४ जानेवारी १९९६

प्रिय ताई,

तिळगूळ पार्सलने पाठवलाय. गोड बोलायचं काम या वर्षी तुझ्याकडे, मी भांडायला बसले आहे.

आज मराठी मंडळाची बस पानिपतला काला अंबच्या स्मारकाला गेली. बाबा दरवर्षी जातात, फेटा बांधून, तुला माहीत आहे. या वेळी गेले नाहीत. धुकं फार आहे म्हणाले. धुकं दरवर्षीच असतं. असो.

आता भांडण. ते तुझ्याशी की बाबांशी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या रविवारी फ्रेम तयार झाली. चाकं बसवली, हँडल बसवलं, नुसती ठोकळ्यांवर उभी केली. काय देखणी दिसत होती! बाबांनी मला हाक मारली. मी ओढणी बांधून, अगदी ऐटीत जाऊन बसले. आणि ताई, माझे गुडघे हँडलला लागले. नाकतोड्यासारखी बसले होते मी. हँडल पोटात, पाय कुठे ठेवायचे कळेना.

“बाबा, ही कुणासाठी केलीत?”

“म्हणजे काय? तुझ्यासाठी.”

“माप कुठलं घेतलंत?”

“तुझं माप घ्यायला लागतं का मला?” ते म्हणाले. “इतकी वर्षं उचलून स्कूटरवर बसवलंय. हातात आहे माझ्या.”

“दाखवा बरं, केवढी आहे मी.”

त्यांनी हवेत हात धरला, एवढी, म्हणून. मी उतरले आणि त्या हाताशी जाऊन उभी राहिले. तळवा माझ्या कानाला लागला.

बाबा नुसते बघत राहिले, एकदा हाताकडे, एकदा माझ्याकडे. ज्या माणसाने उभा जन्म केसाएवढा फरक चालवून घेतला नाही, त्याने अंदाजाने फ्रेम केली, आणि मी आहे त्याहून वीतभर लहान केली! मला आधी हसू आलं, मग इतका राग आला म्हणून सांगू. मी म्हटलं, बाबा, मी एवढी लहान नाहीये हो. म्हटलं म्हणजे ओरडलेच. शेजारची पार्वतीभाभी गच्चीवरून डोकावली.

आणि मग मला तुझा दिवाळीचा ड्रेस आठवला. ताई, तो माझ्या दंडातून वर गेलाच नाही. त्याच्या आदल्या वर्षीचाही नाही. तुला वाईट वाटेल म्हणून मी नेहमी ‘मस्त बसला’ लिहिते. माझं माप तू कधी विचारलंच नाहीस. तुम्ही कुणीच विचारत नाही. घरात कुणी टेप काढला की आई तो लपवायची, मला वाईट वाटू नये म्हणून! मापं घेतली ती फक्त हॉस्पिटलात, आणि तिथे प्रत्येक आकड्याच्या पुढे ‘कमी’ लिहिलेलं असायचं.

जेवणं झाली. दुपारी मी स्वतःच टेप नेऊन बाबांच्या पुढे ठेवला. ते म्हणाले, राहू दे, मी बघतो कसं ते. मी म्हटलं, बिल्कुल नाही, कामाचं माप आहे, कामासारखं घ्या. तेव्हा त्यांनी चष्मा लावला. खांद्यापासून मनगटापर्यंत, कमरेपासून टाचेपर्यंत, मुठीत ब्रेक किती मावेल तेही. ते आकडा बोलायचे, मी भिंतीवर खडूने लिहायचे. कमी नाही, जास्त नाही, नुसता आकडा. भिंतीवर ऊन आलं होतं आणि त्या उन्हात मी सगळी लिहिलेली होते. मला रडू आलं, आणि मी ते पुसलं नाही.

“पुन्हा करू या,” बाबा म्हणाले. “फ्रेम नवी करावी लागेल.”

टेप धरताना त्यांचा हात हलत होता. मला वाटलं त्यांनाही भरून आलंय.

तुझ्या दुसऱ्या पानाचं उत्तर लिहायचं आहे, विसरलेले नाही. भाऊजींच्या बदलीचं काय झालं ते कळव.

केतकी


नोएडा,
२५ फेब्रुवारी १९९६

प्रिय ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. रडू आलं तर येऊ दे, पण उठून सामान बांधायला लागू नकोस.

आधी चांगलं सांगते. आज सकाळी मी मोटरसायकल चालवली!

मोहरी आता पिवळीधम्मक झालीय. बाबा आणि मी गाडी ढकलत त्या मोकळ्या रस्त्यांवर गेलो. तिथल्या चौकीदाराने विचारलं, “बिटिया, ये खिलौना किसका है?” मी म्हटलं, “मेरी है। और खिलौना नहीं है, भैया, हटो ज़रा।” किक माझ्या पायाला पोचते. टाकी हिरवी आहे. गाडीला नंबर मिळणार नाही असं सगळे सांगतात, म्हणून मी आतल्या रस्त्यांवरच फिरवणार. दूध, भाजी, बसस्टॉप, एवढं मला पुष्कळ आहे.

बसताना बाबांचे हात सवयीने पुढे आले. मग त्यांनी ते मागे घेतले आणि स्वेटरच्या खिशात घातले. मी माझी चढले.

ताई, स्कूटरवर मागे बसून मी आयुष्यभर बाबांचा स्वेटर पाहिलाय. रस्ता समोरून कसा येतो ते मला माहीतच नव्हतं. तो येतच राहतो गं! धुकं विरळ होत होतं, खांबामागून खांब निघत होते, दोन मोर रस्त्याच्या मधोमध बसले होते आणि आपलं घर असल्यासारखे सावकाश उठले. फलकांवरचे लोक मागे गेले. डांबर संपलं आणि शेत लागलं तिथे मी थांबले. इंजिन बंद केलं. इतकं शांत होतं की मी जागी आहे की नाही ते कळेना. कुणी मला ‘आता उतर’ म्हणायला नव्हतं. मी मोठ्याने माझंच नाव घेतलं, वेड्यासारखं. छान वाटलं.

परत आले तेव्हा बाबा चौकातल्या गोलाच्या कठड्यावर बसले होते. हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते, तरी ते हलताना मला लांबून दिसले.

तर ताई, आता ते लिहिते. बाबांना कंपवात आहे. थंडी नव्हे, आणि त्या दिवशी टेप धरताना भरून आलं होतं असं लिहिलं, तेही नव्हे. दिवाळीआधीच डॉक्टरांनी सांगितलंय. मला बाबांनी शपथ घातली होती आणि मलाही ती हवीच होती, कारण तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसली असतीस आणि आम्हा दोघांना एकाच बॅगेत भरून नेलं असतंस. दुसरी फ्रेम त्यांच्या हातून झाली नाही. वेल्डिंगने जोडताना हात सुटला, अंगठा भाजला. मग ग्रिलवाल्याला घरी बोलावून त्यांनी खुणा करून दिल्या आणि त्याने जोडली. लेथचं काम मी केलं. लेथपुढे फळ्यांचा ओटा करून घेतलाय, त्यावर उभी राहते. बाबा शेजारी स्टुलावर बसून सांगतात, हळू, हळू, आता सोड. माझ्या हातचे पहिले तीन तुकडे त्यांनी भंगारात टाकले. चौथा ठेवून घेतला.

मागच्या आठवड्यात मी ऑफिसात असताना त्यांच्या हातून उकळता चहा मांडीवर सांडला. फार नाही भाजलं. पण रात्री ते स्वतःच म्हणाले, “मी रुचीकडे पुण्याला जातो. दिवसा कुणीतरी घरात हवं. तुला मी विचारणार नाही, तुझं तू ठरव.”

मी ठरवलंय. तुझ्या दुसऱ्या पानाचं उत्तर हे: बाबांना ने. मी येत नाही.

तू म्हणशील, एकटी कशी राहशील. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. परवा नुसती त्यांची बॅग माळ्यावरून काढली आणि त्या बॅगेवर बसून मी तासभर रडले. बाबांशिवाय या घरात मी एक दिवससुद्धा राहिलेली नाही. पण तुझ्या मागच्या खोलीत मी आले, तर तू मला जन्मभर उचलून ठेवशील. प्रेमानेच ठेवशील. आणि मी ‘मस्त बसला’ लिहीत राहीन. इथे माझी नोकरी आहे, ओटा आहे, रस्ते आहेत. होळीनंतर ये, झेलम एक्सप्रेसचं रिझर्वेशन मी करते. या वेळी राहा चार दिवस, तुला गाडी दाखवते. मागे बसायला जागा नाही, आधीच सांगते.

आता बाबांचं सांगते, नीट वाच. त्यांच्या हातातला पेला काढून घेऊ नकोस. सांडलं तर सांडू दे, मग पुस. शर्टाची बटणं त्यांना लावायला वेळ लागतो, तू दारात उभी राहून बघू नकोस, आत जा आणि काहीतरी कर. रसिकासमोर त्यांना ‘बसा हो बाबा, तुम्हाला नाही जमायचं’ असं म्हणू नकोस. भाऊजींनाही सांग. पायरीवर हात द्यावासा वाटला, तर आधी विचार, आणि नको म्हणाले तर तो खरंच नको असतो. हे शहाणपण मी कुठे शिकले ते तुला कळेलच. कुणी उचललं की आतून काय होतं, ते आपल्या घरात फक्त मला माहीत आहे, आणि आता त्यांना कळणार आहे. ते त्यांना तुझ्या घरात कळू नये, एवढंच माझं मागणं आहे.

भांडायचं असेल तर फोन कर. बैठकीत आता मीच उचलीन.

इथेच राहणारी,
तुझी केतकी